घरच्या कार्यशाळेसाठी छोटा लेथ घ्यावा की नको?

पूर्णाकाठ (वसमत)

नमस्कार मंडळी. धरणाच्या दरवाज्यांच्या देखभालीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी छोटी कार्यशाळा थाटली आहे. बेंच ग्राइंडर, पिलर ड्रिल, वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर आणि दोन व्हाइस एवढाच तिचा संसार. फवारणी पंपाचे बुश, मळणी यंत्राच्या पिना, हळद पॉलिश करण्याच्या ड्रमचे शाफ्ट अशी भाऊबंदांची कामे येत राहतात, आणि त्याखेरीज वाफेच्या इंजिनाची चालती छोटी प्रतिकृती करण्याची माझी जुनी हौस आहे. लेथच्या, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून हत्याराने कापण्याच्या यंत्राच्या, प्रत्येक कामासाठी मोंढ्याजवळच्या वर्कशॉपवर जावे लागते. हंगामात तिथे ट्रॅक्टरवाल्यांची रांग लागलेली असताना माझा बोटभर बुश बाजूला पडून राहतो, आणि त्यात त्या माणसाचा काही दोष आहे असेही मी म्हणणार नाही.

माझ्यासमोर सध्या तीन पर्याय आहेत. टेबलावर बसणारा आयात केलेला लेथ, ज्याचा स्विंग (फिरवता येणारा सर्वात मोठा व्यास) १८० मिमी आणि दोन सेंटरमधले अंतर (दोन टोकांत बसणारी लांबी) ३५० मिमी आहे. राजकोटकडचा नवा साडेचार फुटी लेथ. आणि जालन्यात बंद झालेल्या एका वर्कशॉपमधला जुना सहा फुटी लेथ. घरात वीज सिंगल फेज आहे. हत्यारांसह दीड लाखापर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. 'घेऊच नका' असे कोणाचे मत असेल तर तेही मोकळेपणाने सांगावे.

टर्नर_वाळूज (छत्रपती संभाजीनगर)

काका, यंत्र निवडण्याआधी तुम्ही गेल्या वर्षभरात बाहेरून करून आणलेल्या कामांची यादी लिहा, आणि प्रत्येक कामापुढे व्यास, लांबी व धातू टाका. लेथ घेणारे बहुतेक जण बेडची, म्हणजे खालच्या लांब पायाभागाची, लांबी पाहतात. अडचण मात्र व्यासापाशी येते. १८० मिमी स्विंग हा बेडवरचा असतो. हत्यार आडवे सरकवणाऱ्या क्रॉस स्लाइडवरून जाताना तोच आकडा साधारण ११० मिमीपर्यंत उतरतो. म्हणजे दीडशे मिमीच्या पुलीचे तोंड चकजवळ (तुकडा पकडणाऱ्या फिरत्या जबड्यांजवळ) धरून फेसिंग, म्हणजे सपाट करता येईल, पण त्याच व्यासाचा लांब जॉब (कामाचा तुकडा) बाहेरून टर्न करता येणार नाही.

दुसरा आकडा स्पिंडलच्या, म्हणजे चक फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या, भोकाचा आहे. टेबलावरच्या या लहान लेथमध्ये ते २० मिमी असते. तुमच्या ड्रमचा शाफ्ट २५ मिमीचा असेल, तर तो चकमधून मागे सरकणारच नाही. मग पूर्ण लांबी चक आणि टेलस्टॉकच्या (समोरच्या टोकाच्या टेकूच्या) मधे बसवावी लागेल, आणि तिथे ३५० मिमी पुरत नाहीत. चक, ड्रिल चक व सेंटर यांनी जागा खाल्ल्यावर हातात किती उरते हे प्रत्यक्ष मापूनच पाहावे.

दुधनाथडी (जालना)

मी जुन्या यंत्राच्या बाजूने लिहितो. बिडाचे (ओतीव लोखंडाचे) वजन हाच लेथचा खरा गुण आहे. एचएमटीचे किंवा हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे जुने लेथ आजही आमच्या औद्योगिक वसाहतीत रोज काम करताना दिसतात, आणि तेवढ्या पैशात नवे यंत्र त्यांच्या जवळपासही येत नाही. तुम्ही पाहिलेला लेथ कोणत्या बनावटीचा आहे ते मला ठाऊक नाही. पण बनावट कोणतीही असो, तपासणी एकच आहे.

बेडची झीज नेहमी चकजवळच्या फूट-दीड फुटात होते, कारण बहुतेक कामे तिथेच चालतात. कॅरेज (बेडवर सरकणारा, हत्यार धरणारा भाग) चकजवळ आणून तिचा लॉक असा आवळा की कॅरेज जेमतेम सरकेल, आणि मग हाताने तिला टेलस्टॉककडे न्या. बेड सारखा असेल तर हाताला जोर सगळीकडे तेवढाच लागतो. झिजला असेल तर मधल्या भागापासून कॅरेज जड होत जाते आणि टोकाला अडकून बसते. त्यानंतर स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारे घड्याळी माप) लावून चक हाताने फिरवा आणि काटा किती हलतो ते पाहा. शेवटी मालकाला ३० मिमीचा बार चकमध्ये धरायला सांगा, सुमारे १५० मिमी बाहेर काढा, टेलस्टॉक न लावता दोन्ही टोकांना हलका कट घ्या आणि मायक्रोमीटरने दोन्ही ठिकाणचा व्यास सारखा येतो का ते पाहा. रंग आणि ग्रीस पाहून फसू नये. विकायला काढलेले यंत्र नेहमी नुकतेच रंगवलेले असते.

स्टारडेल्टा (लातूर)

विजेचा भाग कोणी घेतलेला दिसत नाही, म्हणून तो मी लिहितो.

सहा फुटी लेथला बहुधा दोन किंवा तीन अश्वशक्तीची थ्री फेज मोटार असते. सिंगल फेजवर ती चालवण्याचा सरळ मार्ग म्हणजे व्हीएफडी, म्हणजे मोटारीची वीज व गती बदलून देणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण. मात्र सिंगल फेजवर चालणारा साधा व्हीएफडी थ्री फेज देतो ते २३० व्होल्टचे, ४१५ व्होल्टचे नव्हे. आपल्याकडच्या एवढ्या क्षमतेच्या मोटारी बहुतेक स्टारमध्ये जोडलेल्या असतात (स्टार आणि डेल्टा या आतल्या वायरी जोडण्याच्या दोन पद्धती). ती जोडणी डेल्टात बदलली की तीच मोटार २३० व्होल्टवर पूर्ण ताकद देते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा वायरी बाहेर असतील तर पट्ट्या बदलण्याचे काम काही मिनिटांचे आहे. तीनच वायरी असतील तर स्टारचा जोड आत दडलेला असतो आणि मोटार वाइंडिंगवाल्याकडे उघडावी लागते. पाहायला जाल तेव्हा तो बॉक्स आवर्जून उघडा.

आणखी दोन गोष्टी. व्हीएफडी आणि मोटार यांच्यामध्ये जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ठेवू नये. चालू स्थितीत तो फिरवला तर व्हीएफडी जातो. शिवाय जुन्या लेथचा चक स्पिंडलच्या आट्यांवर चढवलेला असतो. व्हीएफडीवर थांबण्याचा वेळ फार कमी ठेवला तर मोटार झटक्यात थांबते, जड चक मात्र फिरतच राहतो आणि आट्यांवरून उतरू शकतो. तो वेळ सैलच ठेवावा.

टेबलावरच्या लेथला हा व्याप नाही, तो सरळ सॉकेटवर चालतो. पण त्याचे गती-नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड हाच त्याचा नाजूक अवयव आहे. मोटार कमी फेऱ्यांवर सतत ताणली की ते तापते, आणि संध्याकाळी विजेचा दाब खालीवर होणाऱ्या आपल्या भागात त्याची जास्तच काळजी घ्यावी लागते. यंत्र कोणतेही घ्या, अर्थिंग नवीन करा.

आणि बाहेरची कामे पैसे घेऊन करण्याचा विचार असेल, तर घरगुती जोडणीवर ती करू नयेत.

गोदातीर (नांदेड)

मी तंत्रनिकेतनात यंत्रशाळेचे विषय शिकवते. ताकदीबद्दल थोडा हिशेब मांडते, कारण लहान लेथवर निराश होणारे लोक बहुतेक याच ठिकाणी निराश होतात.

हायस्पीड पोलादाच्या टूलने मऊ पोलाद कापताना कापण्याचा वेग मिनिटाला सुमारे ३० मीटर धरतात. २५ मिमीच्या शाफ्टसाठी तो मिनिटाला साधारण ३८० फेरे होतो, आणि तिथे लहान लेथ आनंदाने चालतो. आता १०० मिमीची बिडाची पुली घ्या. वेग २० मीटर धरला तर फेरे होतात ६४. लहान लेथची ५५० वॅटची मोटार आपली पूर्ण ताकद वरच्या फेऱ्यांवर देते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने तिला एवढे खाली आणले की हाती राहणारी ताकद फार थोडी असते. लो गिअर असला तरी यंत्र कण्हते. मऊ पोलादातसुद्धा एका पासला पाव मिमी खोली घ्यायची, अशा सबुरीने काम करणाऱ्यालाच हे यंत्र लाभते. वर्कशॉपमधला टर्नर जो जॉब एका कटात उरकतो, त्याला इथे बरेच पास लागतील. काका निवृत्त आहेत, त्यामुळे ही मोठी अडचण ठरू नये.

याच कारणाने सुरुवातीला कार्बाइड टिपच्या (अतिकठीण पदार्थाच्या तयार अणीच्या) मागे लागू नये. कार्बाइडला वेग आणि ताठपणा दोन्ही लागतात, आणि लहान यंत्राकडे दोन्ही बेताचेच असतात. नीट धार लावलेला हायस्पीडचा बिट पितळ, गनमेटल आणि मऊ पोलादावर अधिक स्वच्छ काम देतो. बेंच ग्राइंडर तुमच्याकडे आहेच.

मांजराथडी (अंबाजोगाई)

माझे मत स्पष्ट आहे : घेऊ नये. दीड लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेदहा हजार रुपये व्याज येते. वसमतच्या लेथवाल्याचा वर्षभराचा हिशेब त्यात भागेल आणि मुद्दलही शाबूत राहील. शिवाय यंत्राची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. चार जबड्यांचा चक, फिरते सेंटर, ड्रिल चक, टूलपोस्ट (हत्यार धरण्याचा ठोकळा), डायल गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड, मायक्रोमीटर, बोरिंग बार हे सगळे जमवताना यंत्राच्या निम्मी रक्कम सहज जाते, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहेच. नाकापेक्षा मोती जड होतो. हंगामात उशीर होतो हीच तक्रार असेल, तर पंपांचे बुश उन्हाळ्यातच करून ठेवावेत.

गोदातीर (नांदेड)

दादा, बुशांपुरता तुमचा हिशेब बरोबर आहे. प्रतिकृतीच्या इंजिनाला मात्र तो लागू पडत नाही. तिथे सिलिंडरचे भोक जसे आले असेल त्याप्रमाणे पिस्टन उतरवत न्यायचा असतो. थोडे कापायचे, थंड होऊ द्यायचे, बसवून पाहायचे, पुन्हा कापायचे. हे दुसऱ्याच्या लेथपुढे उभे राहून करून घेता येत नाही, आणि कोणता टर्नर त्यासाठी आपले यंत्र अडवून ठेवेल? हौसेला मोल नाही म्हणतात, पण इथे प्रश्न हौसेपेक्षा कामाच्या पद्धतीचा आहे.

थंड होऊ देण्याचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. ५० मिमीचा पोलादी जॉब कापताना भोवतालापेक्षा ४० अंशांनी तापला, तर तो सुमारे ०.०२४ मिमीने मोठा भरतो. हा जवळपास एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, झाला. गरम असताना बरोबर मापलेला पिस्टन सकाळी सैल भरतो.

पूर्णाकाठ (वसमत)

सर्वांचे आभार. यादी केली. बहुतेक कामे ४० मिमी व्यासाच्या आतली आहेत : गनमेटलचे व पितळेचे बुश, पिना, लहान शाफ्ट. २५ आणि ३० मिमीचे लांब शाफ्ट त्यात वारंवार येतात, आणि मोठ्या पुल्या अगदी मोजक्या आहेत. म्हणजे टर्नर यांनी सांगितलेली स्पिंडलच्या भोकाची अडचण मला थेट लागू होते.

आता जमिनीबद्दल विचारतो. खोलीखाली काळी माती आहे. शहाबादी फरशी टाकलेली आहे आणि उन्हाळ्यात भिंतीलगत बोट जाईल एवढी भेग पडते. सहा फुटी लेथ यावर बसेल का?

मुरूमखडी (बीड)

मी बांधकामाच्या क्षेत्रातला आहे, लेथमधले मला फार कळत नाही, जमिनीपुरते सांगतो. जशी आहे तशा जमिनीवर बसवू नका.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. पावसाळ्यात खोलीच्या कडेने पाणी मुरते, त्यामुळे भिंतीलगतची जमीन आधी उचलली जाते आणि मधली मागे राहते. उन्हाळ्यात याच्या उलट होते. तुम्ही सांगितलेली भेग याच हालचालीची आहे. सहा फुटी लेथला दोन पाय असतात. एक पाय भिंतीकडे व दुसरा खोलीच्या मध्याकडे आला, तर ऋतू बदलताना दोघांची पातळी एकसारखी राहणार नाही.

त्या भागातली काळी माती काढून टाका. कठीण मुरूम लागेपर्यंत जाता आले तर उत्तम, नाहीतर निदान दीड-दोन फूट खाली जाऊन थराथराने पाणी मारत मुरूम ठोकून भरा. त्यावर जाळी टाकून सहा इंचाचा काँक्रीटचा स्लॅब घाला, आणि तो भिंतीपासून व जुन्या फरशीपासून सुटा ठेवा, म्हणजे त्यांची हालचाल याच्यापर्यंत पोहोचणार नाही. बाहेरच्या बाजूने भिंतीलगत तीन-चार फुटांचा उताराचा पट्टा पक्का करून पत्र्याचे पाणी दूर न्या. माझ्या मते स्लॅबइतकेच महत्त्व त्या पट्ट्याला आहे, आणि लोक नेमका तोच टाळतात.

टर्नर_वाळूज (छत्रपती संभाजीनगर)

मुरूमखडी यांच्या माहितीला लेथच्या बाजूने जोड देतो. पायांची पातळी बदलली की बेडला पीळ पडतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण चकपासून लांब जाताना जॉब निमुळता व्हायला लागतो आणि माणूस टेलस्टॉकला दोष देत बसतो. पातळी पाहायला गवंड्याची लेव्हल पुरत नाही, मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी लेव्हल बेडवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना पाहावी लागते. चांगल्या स्लॅबवरही पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या शेवटी एकदा ती पाहावी.

टेबलावरच्या लेथला जमिनीची एवढी फिकीर नसते. जाड पोलादी चॅनेलचा ताठ स्टँड करून त्यावर तो बसवला, की जमीन कलली तरी पूर्ण स्टँड कलतो, बेड पिळत नाही. लाकडी टेबल मात्र नको.

आट्यापाट्या (परभणी)

आटे पाडण्याबद्दल कोणीच लिहिले नाही याचे नवल वाटते. जुन्या भारतीय लेथचा लीडस्क्रू (आटे पाडताना कॅरेज ओढणारा लांब स्क्रू) इंचाचा असतो, बहुधा इंचाला चार आटे. त्यावर मिमीचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचे गिअर हवे, कारण एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी आणि १२७ भागिले ५ म्हणजे २५.४. जुने यंत्र घेताना चेंज गिअरची (बदलून बसवायच्या गिअरची) पेटी उघडून त्यात १२७ दात्यांचे आहे की नाही ते पाहा. बऱ्याचदा तेच हरवलेले असते. शिवाय अशा वेळी हाफ नट (कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारे नट) मध्येच सोडता येत नाही, दर पासला यंत्र उलटे फिरवून मागे यावे लागते.

आयात लेथचा लीडस्क्रू मिमीचा असतो, त्यामुळे तिथे उलट प्रश्न येतो. पंपाच्या पाइपचे बीएसपी (ब्रिटिश मानकाचे) आटे इंचाचेच आहेत, अर्ध्या इंचाच्या पाइपला इंचाला १४ आणि एक इंचीला ११, कोन ५५ अंश. ८० आणि ६३ दात्यांची जोडी मिळाली तर गुणोत्तर १.२७ च्या इतके जवळ येते की पाइपच्या जोडाला फरक पडत नाही.

स्टारडेल्टा (लातूर)

गळ्यातला रुमाल खुंटीला टांगल्याशिवाय लेथ सुरू करायचा नाही. हातमोजेही नकोत, आणि कीस हाताने ओढायचा नाही, आकडा वापरायचा. चकची चावी चकमध्ये ठेवून हात सोडायचा नाही. काकांना हे सांगायला नको, पण नातवंडे खोलीत येत असतील तर मेन स्विच कुलपाच्या पेटीत असावा.

पूर्णाकाठ (वसमत)

जालन्याला जाऊन आलो. दुधनाथडी यांनी सांगितल्याप्रमाणे लॉक आवळून कॅरेज सरकवली. चकजवळ ती हलकी होती आणि बेडच्या मध्याच्या थोडे पुढे जाऊन अडकली. चकचे जबडे तोंडाशी फाकलेले आहेत, पेटीत १२७ दात्यांचे गिअर नाही, आणि मोटारीला तीनच वायरी आहेत. मालक भला माणूस आहे, त्याने काही लपवले नाही. मात्र बेड ग्राइंडिंगला पाठवणे, मोटार उघडणे आणि स्लॅब घालणे हे सगळे जोडल्यावर ते यंत्र मला स्वस्त राहत नाही. राजकोटचा साडेचार फुटी लेथही त्याच स्लॅबवर आणि त्याच विजेवर येऊन अडतो, म्हणून तो तूर्त बाजूला ठेवला आहे.

चौकशीत आयात लेथचा एक मोठा भाऊ कळला : स्विंग २१० मिमी, सेंटरमधले अंतर ४०० मिमी, आणि त्यातल्या काही यंत्रांच्या स्पिंडलचे भोक ३८ मिमीचे. माझे ३० मिमीपर्यंतचे शाफ्ट त्यातून आरपार जातील. किंमत जास्त असल्याने हत्यारे टप्प्याटप्प्याने घ्यावी लागतील आणि मोठ्या पुल्या पूर्वीसारख्याच मोंढ्यावर जातील. संभाजीनगरला असे एक यंत्र चालू स्थितीत पाहायला मिळणार आहे. मांजराथडी यांचा व्याजाचा हिशेब घरात वाचून दाखवला, आणि तो सौभाग्यवतींना फार पटला, हेही नोंदवतो. माझा विचार मात्र घेण्याकडेच झुकला आहे. यंत्रासोबत तीन जबड्यांचाच चक येतो. पहिल्या खेपेला आणखी काय घ्यावे?

टर्नर_वाळूज (छत्रपती संभाजीनगर)

डॉग चक (चार जबड्यांचा) आधी घ्या, क्विक चेंज (हत्यार पटकन बदलता येणारा) टूलपोस्ट नंतर. यंत्रासोबत येणाऱ्या ट्रू चकमध्ये (तीन जबड्यांच्या) पाच-दहा शतांश मिमीचा रनआउट, म्हणजे फिरताना मध्यापासून सरकणे, गृहीत धरा. एकाच पकडीत सुरू करून संपवण्याच्या कामाला तो चालतो. बुश उलटा धरून दुसरी बाजू करायची असेल तेव्हा डॉग चक आणि डायल गेज लागतो, आणि तुमची निम्मी यादी बुशांचीच आहे. त्यानंतर फिरते सेंटर व ड्रिल चक घ्या. कार्बाइडचे होल्डर दुकानदार आग्रहाने दाखवेल, ते आत्ता नकोत.

संभाजीनगरला यंत्र पाहाल तेव्हा ३० मिमीचा तुकडा सोबत न्या आणि तो स्पिंडलमधून घालून पाहा, कारण याच आकाराच्या काही यंत्रांना भोक २१ मिमीचेही असते आणि माहितीपत्रकात ते बारीक अक्षरात लिहिलेले असते. विक्रेत्याकडे कंट्रोल बोर्ड आणि बेल्ट सुटे मिळतात का, ते पैसे देण्याआधी विचारा, आणि बोर्डाचा क्रमांक बिलावर लिहून घ्या.